तीन निरोप

या सदरातून एरवी मी आपल्याशी ठेवींवरील व्याज, वारसनोंद, लॉकरचा करार, मृत्युपत्र अशा रुक्ष परंतु आवश्यक विषयांवर बोलत असतो. गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एका पत्राने मात्र निराळाच प्रश्न विचारला. पत्रलेखक येत्या वर्षी एका सहकारी संस्थेतून निवृत्त होत आहेत. ते लिहितात, "पैशांची व्यवस्था आपल्या सांगण्याप्रमाणे केली आहे. परंतु शेवटच्या दिवशी तेथून निघावे कसे, हे मात्र कोणीच सांगत नाही."

या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात नाही. मला त्याविषयी जे थोडेफार उमगले, ते तीन अमेरिकन बास्केटबॉलपटूंमुळे. ते तिघेही २०१६ साली खेळातून निवृत्त झाले आणि मीही त्याच वर्षी ३० जूनला बँकेतून निवृत्त झालो. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाचा आणि अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा काय संबंध, असे काही वाचकांच्या मनात येईल. संबंध जुना आहे. आमच्या बोर्डिंगच्या आवारात मातीचे एक मैदान होते. तेथे एका लाकडी खांबाला फळी आणि लोखंडी रिंग ठोकलेली होती. जाळी कधीच नव्हती, त्यामुळे चेंडू रिंगमधून गेला की बाहेरून गेला यावर रोज भांडणे होत. एम.कॉम. होईपर्यंत मी खेळलो. पुढे बदल्यांच्या नोकरीत खेळ सुटला, पाहणे मात्र सुटले नाही. नव्वदच्या दशकात घरी केबल आली तेव्हापासून एनबीए या अमेरिकन स्पर्धेचे सामने मी सकाळी दाढी करता करता पाहत आलो. आपली सकाळ ती त्यांची रात्र असते, त्यामुळे नोकरीच्या आड हा छंद आला नाही.

त्या तिघांची नावे कोबी ब्रायंट, टिम डंकन आणि केव्हिन गार्नेट. ब्रायंट २० हंगाम खेळला, डंकन १९ आणि गार्नेट २१. बेरीज ६० होते. माझे निवृत्तीचे वयही ६०, आणि ब्रायंटने आपल्या अखेरच्या सामन्यात केलेले गुणही ६०. यात काही अर्थ नाही हे मला ठाऊक आहे. पण आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला असे आकडे जुळलेले दिसले की बरे वाटते.

ब्रायंट १९९६ साली शाळेतून थेट व्यावसायिक खेळात आला आणि वीसही वर्षे लॉस एंजेलिस लेकर्स या एकाच संघाकडून खेळला. पाच विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. एप्रिल २०१३ मध्ये टाचेवरचा स्नायुबंध तुटला असतानाही त्याने रेषेवर उभे राहून दोन्ही फ्री थ्रो रिंगमध्ये टाकले आणि मगच तो मैदानाबाहेर गेला. त्या दुखापतीनंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याने जाहीर केले की हा हंगाम आपला शेवटचा. त्यानंतर पाच महिने निरोपाचा सोहळाच चालला. लेकर्सचा संघ ज्या ज्या गावी जाई, तेथे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत. ज्या बोस्टनमध्ये त्याने वर्षानुवर्षे हेटाळणी ऐकली, तेथेही त्याच्या नावाचा घोष झाला. इकडे त्याचा संघ मात्र हरतच होता. त्या हंगामात लेकर्सने ८२ पैकी १७ सामने जिंकले आणि ६५ गमावले. त्या संघाच्या इतिहासातली ती सर्वांत वाईट कामगिरी.

खरे सांगतो, मला तो सगळा थाट रुचला नव्हता. संघ बुडत असताना एका माणसाच्या आरत्या कसल्या ओवाळता, असे मी चिरंजीवांना म्हणत असे. चिरंजीव पुण्याला नोकरी करतात आणि ब्रायंटचे लहानपणापासूनचे भक्त. ते म्हणत, "बाबा, तो बोलावत नाही, लोक आपणहून येतात." मी म्हणे, एकच आहे.

१३ एप्रिल २०१६ रोजी रात्री शेवटचा सामना झाला. प्रतिस्पर्धी यूटा जॅझ. आपल्याकडे १४ एप्रिलची सकाळ, डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी. चिरंजीव आदल्या रात्रीच घरी आले होते. त्यांच्या लॅपटॉपवर आम्ही दोघांनी सामना पाहिला. ब्रायंटने रिंगकडे तब्बल ५० वेळा चेंडू टाकला. पैकी २२ आत गेले. तपासनीसाच्या नजरेने पाहिले तर हे प्रमाण चांगले नाही, आणि एकाच खेळाडूने पन्नास वेळा प्रयत्न करावेत हे तर कोणत्याच प्रशिक्षकाला मान्य होणार नाही. पण शेवटच्या सत्रात सदतीस वर्षांचा, दमून गुडघ्यांवर हात टेकणारा तो माणूस पुन्हा पुन्हा उठून चेंडू टाकू लागला. त्या एका सत्रात त्याने २३ गुण केले. मागे पडलेला संघ १०१–९६ असा जिंकला. सौ. देवपूजा आटोपून बाहेर आल्या तेव्हा आम्ही दोघे उभे होतो. "कोण गेलं?" असे त्यांनी घाबरून विचारले. त्यांची चूक नव्हती. आमचे चेहरेच तसे होते.

आता डंकन. हा माझा आवडता खेळाडू, हे आधीच सांगून टाकतो. त्याचे हुकमी अस्त्र होते ‘बँक शॉट’. चेंडू सरळ रिंगमध्ये न टाकता मागच्या फळीवर ठरावीक कोनात आपटवून आत सोडायचा. या ‘बँके’चा आमच्या बँकेशी काहीही संबंध नाही, तरी शाखेत मी या शब्दावरून पुष्कळ विनोद केले आणि कनिष्ठांनी ते निमूटपणे ऐकून घेतले. हा फटका दिसायला साधा असतो. त्यात उडी नाही, फिरकी नाही, प्रेक्षकांना आरोळी ठोकायला जागा नाही. डंकन तो एकोणीस वर्षे टाकत राहिला आणि चेंडू आत जात राहिला.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावरचा हा मुलगा मूळचा जलतरणपटू. १९८९ च्या ह्युगो चक्रीवादळात तेथला पोहण्याचा तलाव उद्ध्वस्त झाला. पुढच्याच वर्षी, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आई कर्करोगाने गेली. शिक्षण पुरे करीन असा शब्द त्याने आईला दिला होता. म्हणून मोठमोठ्या रकमा समोर दिसत असताना तो महाविद्यालयात चारही वर्षे राहिला, पदवी घेतली आणि मगच १९९७ साली सॅन अँटोनिओ स्पर्स संघात दाखल झाला. त्याचीही विजेतेपदे पाचच. त्याच्या एकोणीस हंगामांत स्पर्सचा संघ बाद फेरीत पोहोचला नाही असे एकदाही झाले नाही, आणि त्याच्या शेवटच्या हंगामात तर त्या संघाने ६७ सामने जिंकले. लेकर्सचे १७, स्पर्सचे ६७.

पण निघताना त्याने काय केले? काहीही नाही. ११ जुलै २०१६ रोजी संघाने एक निवेदन काढले की डंकन निवृत्त होत आहे. सोहळा नाही, मुलाखत नाही, भाषण नाही. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर आले ते त्याचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच. अंगात डंकनचा चेहरा छापलेला साधा टी-शर्ट. वर्षानुवर्षे पत्रकारांना तुटक उत्तरे देणारा हा करारी माणूस त्या दिवशी शब्दाशब्दाला अडखळत होता. डंकनच्या वडिलांची एक आठवण त्यांनी सांगितली. वडिलांनी मृत्यूपूर्वी पोपोविच यांच्या डोळ्यांत पाहून बजावले होते की हा मुलगा आज जसा आहे, तसाच तो खेळ संपवून बाहेर पडला पाहिजे आणि त्याची जबाबदारी तुमच्यावर. तो तसाच राहिला, असे पोपोविच म्हणाले.

हे मी वाचले तेव्हा माझ्या निवृत्तीला जेमतेम दोन आठवडे होत होते. माझा निरोप समारंभ रीतसर झाला होता. शाल, श्रीफळ, क्षेत्रीय कार्यालयातून आलेले साहेब, आणि माझे सव्वीस मिनिटांचे भाषण. (सव्वीस हा आकडा सौ.चा. त्यांनी घड्याळ लावले होते.) चार्ज रिपोर्टवर सही करून स्ट्राँग रूमची चावी मी नव्या व्यवस्थापकांच्या हाती दिली. गावे बदलली, चाव्या बदलल्या, पण खिशातले ते वजन कित्येक वर्षे तेच होते. १ जुलैला सकाळी पँट घातली तेव्हा ती एका बाजूने हलकी लागली.

आणि मग मी शाखेत जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात पासबुक भरायचे होते. दुसऱ्या आठवड्यात पेन्शनचा कागद. नंतर कारणेही लागेनाशी झाली. बाकावर बसून मी खातेदारांना कोणत्या खिडकीवर जावे ते सांगू लागलो. कोणी नवा कॅशियर नोटा हळू मोजतो असे वाटले तर मनातल्या मनात त्याच्याबरोबर मोजू लागलो. डंकनची बातमी वाचून मी भारावलो होतो, असे जावे म्हणून चार मित्रांना सांगितलेही होते. पण माझे पाय मात्र रोज साडेदहाला त्याच पायऱ्या चढत होते. ऑगस्टमध्ये एके दिवशी व्यवस्थापकांच्या टेबलावर एक कर्जप्रस्ताव उघडा होता. मी समोर बसलो होतो. नाव वाचून सवयीने म्हणालो, "या पार्टीशी जरा जपून." त्या तरुण अधिकाऱ्याने फाइल अगदी हळू मिटली, कपाटात ठेवली आणि विचारले, "सर, चहा सांगू?"

चहा मी घेतला. बाहेर रस्त्यावर आल्यावर कानशिले तापली. त्याचे काहीच चुकले नव्हते. ते कागद आता माझ्या डोळ्यांसाठी नव्हते. त्याच्या जागी मी असतो तर हेच केले असते, कदाचित इतक्या सौम्यपणे केले नसते. त्यानंतर बरेच दिवस मी त्या रस्त्यानेच जाणे टाळले.

तेव्हा माझा निष्कर्ष ठाम होता. डंकनसारखे जावे, ब्रायंटसारखे जाऊ नये. गाजावाजा करणाऱ्याला सोडवत नाही, मुकाट जाणारा खराखुरा सुटतो. मायकेल जॉर्डनसारख्या थोर खेळाडूलाही १९९३, १९९९ आणि २००३ अशी तीनदा निवृत्ती घ्यावी लागली, हे माझ्या बाजूचे आणखी एक उदाहरण होते.

प्रत्यक्षात घडले उलटेच. पाच महिने निरोप घेणारा ब्रायंट पुन्हा स्पर्धेत उतरला नाही. तो गोष्टी सांगण्याच्या, लघुपटाच्या उद्योगात रमला; खेळाचा निरोप घेताना त्याने जे काव्य लिहिले होते, त्यावरच्या लघुपटाला २०१८ साली ऑस्कर मिळाले. उरलेल्या वेळात तो मुलीच्या संघाला शिकवी. आणि न बोलता गेलेला डंकन? २०१९ साली तो स्पर्सचा सहायक प्रशिक्षक होऊन त्याच मैदानाच्या कडेला परत आला. ३ मार्च २०२० रोजी पोपोविच हजर नव्हते तेव्हा एका सामन्यात तोच मुख्य प्रशिक्षक म्हणून उभा राहिला आणि संघ एका गुणाने जिंकला. एका हंगामानंतर तो पुन्हा मुकाट बाजूला झाला. ही बातमी वाचून मला हसू आले आणि पुष्कळ हलके वाटले. माझ्या डंकनलाही पासबुक भरायला जावेसे वाटले होते तर!

त्याआधी जानेवारीत मात्र ती दुसरी बातमी आली. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात धुक्यामध्ये हेलिकॉप्टर कोसळून नऊ जण गेले. त्यांत एकेचाळीस वर्षांचा ब्रायंट होता आणि तेरा वर्षांची त्याची मुलगी जियाना होती. ती सर्व मंडळी मुलींच्या बास्केटबॉल सामन्यासाठी निघाली होती. आपल्याकडे तेव्हा रात्र होती. सकाळी चिरंजीवांचा फोन आला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा, बरं झालं त्यानं सगळ्यांचा निरोप घेतला होता."

ज्याला मी थाट म्हणत होतो, तो त्या पाच महिन्यांत कोणासाठी चालला होता, हे माझ्या तोपर्यंत ध्यानातच आले नव्हते. मी फक्त निघणाऱ्याकडे पाहत होतो. उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे मी पाहिलेच नव्हते. त्या सकाळी लॅपटॉपसमोर उभा राहिलेला माझा मुलगा त्यांच्यातलाच एक होता, आणि मीही.

गार्नेटविषयी थोडे. १९९५ साली तोही शाळेतून थेट आला. मिनेसोटाच्या संघात बारा वर्षे झिजला, विजेतेपद मिळाले नाही. ते २००८ साली बोस्टनमध्ये मिळाले. २०१५ मध्ये तो पुन्हा मिनेसोटाला आला. ज्या फ्लिप सॉन्डर्स यांनी त्याला प्रथम निवडले होते, तेच आता त्याला परत घेऊन आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते कर्करोगाने गेले. सॉन्डर्स यांच्या नावाने राखून ठेवलेल्या पार्किंगच्या जागेसमोर, आपल्याकडे पाठ करून जमिनीवर बसलेला गार्नेट, असे एक छायाचित्र त्याने प्रसिद्ध केले होते. ते मी विसरू शकत नाही. जानेवारी २०१६ नंतर गुडघ्यामुळे तो मैदानात उतरलाच नाही. त्याचा शेवटचा सामना झाला तेव्हा तो शेवटचा आहे हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते. सप्टेंबरमध्ये रिकाम्या प्रेक्षागृहात चित्रित केलेल्या एका छोट्या चित्रफितीतून त्याने निरोप घेतला. मला वाटते, बहुतेकांची गत गार्नेटसारखीच असते. शेवटचा दिवस होऊन गेल्यावर कळते की तो शेवटचा होता.

तिघांनाही बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ या मानाच्या दालनात एकाच वेळी स्थान मिळाले. सोहळा २०२० चा. महामारीमुळे तो मे २०२१ मध्ये झाला. डंकन बोलला, गार्नेट बोलला. ब्रायंटच्या वतीने त्याच्या पत्नी व्हनेसा बोलल्या आणि शेजारी जॉर्डन मुकाट उभा होता.

महामारीवरून आणखी एक प्रसंग आठवतो. ११ मार्च २०२० च्या रात्री अटलांटाचा सामना सुरू असतानाच स्पर्धा स्थगित झाल्याची बातमी पसरली. विन्स कार्टर हा २२ हंगाम खेळलेला वयोवृद्ध खेळाडू बाकावर बसला होता. सामना हातचा गेला होता, पण प्रेक्षक त्याच्या नावाचा घोष करू लागले. प्रशिक्षकाने त्याला शेवटच्या काही सेकंदांसाठी आत पाठवले. त्याने लांबून एक चेंडू टाकला, तो आत गेला, आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली.

आमच्या शाखेतील माझ्या एका कनिष्ठ सहकाऱ्याला तेवढेही मिळाले नाही. तो निवृत्त झाला ३१ मार्च २०२० रोजी. टाळेबंदी लागून आठवडा झाला होता. बँका चालू होत्या, पण चार माणसे एकत्र जमण्यास बंदी. वार्षिक हिशेब बंद करून, जंतुनाशकाने पुसलेल्या चाव्या टेबलावर ठेवून तो संध्याकाळी निर्मनुष्य रस्त्यावरून एकटा घरी गेला. छत्तीस वर्षांची नोकरी. पुढे भेटला की हसत म्हणे, "साहेब, बाकी सगळं मिळालं, ग्रॅच्युइटीपण वेळेत आली. सेंड-ऑफ तेवढा राहिला बघा." आम्हीही हसत असू.

पत्रलेखक महाशय, आपल्या प्रश्नाला मजजवळ एवढेच व्यावहारिक उत्तर आहे: समारंभाला नाही म्हणू नका, आणि नंतर सहा महिने पासबुक भरायला मुलाला पाठवा. भाषण किती मिनिटांचे करावे, याबाबत सल्ला देण्याचा अधिकार मला नाही.

गेल्या महिन्यात आम्ही सातजण जुने सहकारी ठरवून त्या सहकाऱ्याच्या घरी गेलो. शाल, श्रीफळ आणि पेढे नेले होते. फाइल मिटणारे ते व्यवस्थापकही आता दुसऱ्या गावी असतात; मी फोन केला तर रजा काढून आले. सहकाऱ्याला आधी ही थट्टा वाटली. वहिनींनी आतून खुर्ची आणून मधोमध ठेवली तेव्हा तो गप्प झाला. मग उठला, आत गेला आणि कपडे बदलून आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. शाल पांघरल्यावर त्याने बोलायला सुरुवात केली ती १९८४ सालच्या पहिल्या पोस्टिंगपासून. दिवेलागण झाली तरी तो १९९७ पर्यंतच पोहोचला होता. सौ.ने घड्याळाकडे पाहिले. मी त्यांना खुणेने नको म्हणालो.